शिलेदारीचा जमाखर्च

बेळगाव-निपाणीपासून सांगली-मिरजेपर्यंत आणि तिकडे ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्यापर्यंत मराठी घरांतून शिलेदार, पागे, बारगीर, नालबंद, सरनोबत ही आडनावे अजून नांदताहेत. घोडी गेली, पागा पडल्या, तबेल्यांच्या जागी दुकानांचे गाळे झाले. आडनावे तेवढी उरली. घोड्यांच्या राज्यातले शब्दही आपल्या तोंडी आहेत. ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणताना आपल्याला घोडा आठवत नाही, ‘खोगीरभरती’ म्हणताना खोगीर आठवत नाही. आणि ‘मोठी असामी’ म्हणताना तर हा शब्द एके काळी घोडदळाच्या हिशेबवहीतला होता याचा कुणाला पत्ताही नसतो. कानडी शेजारीही हाच शब्द याच अर्थाने वापरतात.

इतिहासात आपण घोडदळ पाहतो ते लढाईच्या दिवशी. अटकेपार गेलेली घोडी, धुळीचे लोट, भगवे निशाण. पण लढाई वर्षातून चार-सहा दिवस, आणि घोडा खातो तीनशे पासष्ट दिवस. त्याला रोज काही शेर हरभऱ्याची चंदी लागते, वैरण लागते, महिन्या-दीड महिन्याने नाल लागतात, खरारा करायला माणूस लागतो. तो आजारी पडतो, लंगडा होतो, पोटशुळाने एका रात्रीत मरतो. मग नवा घोडा कोणी आणायचा? या एका साध्या प्रश्नाला चारशे वर्षांत जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांत मराठी राज्याच्या चढउताराचा बराचसा भाग सापडतो असे मला वाटते. म्हणून हा लेख तलवारीचा नसून वहीचा आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यापासून केलेली बरी. दख्खनच्या हवेत उत्तम घोडा पैदा होत नाही, तो समुद्रावरून आणावा लागतो, ही विजयनगर आणि बहामनी या दोन्ही राज्यांची जुनी अडचण. अरबस्तान आणि होर्मुझहून गलबतांतून घोडे यायचे आणि वाटेत कितीतरी मरायचे. फेर्नांव नुनीझ हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विजयनगरात राहिला. त्याने लिहून ठेवले आहे, की साळुव नरसिंह राजा हजार परदावांना तीन या दराने घोडे घेई, जिवंत किंवा मेलेले! समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी व्यापाऱ्याला पूर्ण किंमत मिळे. वाचताना हसू येते, पण त्यात शहाणपण आहे. मेलेल्या घोड्याचा तोटा व्यापाऱ्याच्या माथी मारला असता तर पुढच्या वर्षी व्यापारी आलाच नसता. राजाने तो तोटा आपल्या खजिन्यावर घेतला. पुढे कृष्णदेवराय वर्षाला तेरा हजार घोडे घेत असे, असेही हाच नुनीझ सांगतो. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवे घेतले त्यामागे मसाल्याइतकाच हा घोड्यांचा व्यापार होता, आणि घोड्यांवरची जकात ही गोव्याच्या उत्पन्नाची एक मोठी बाब राहिली.

शिवाजी महाराजांपाशी विजयनगरासारखा खजिना नव्हता. तरीही घोडा कोणाचा या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर सरकारच्या बाजूने होते. सभासदाच्या बखरीत घोडदळाची रचना स्पष्ट आहे. दोन प्रकारचे स्वार : बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे, त्याने अंग मेहनत द्यायची आणि पगार घ्यायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई आणि त्याला तनखा अर्थात जास्त. मूळ फारसी शब्दाचा अर्थच हत्यार बाळगणारा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी, पाच हजारींचा पंचहजारी, सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. ज्याने ही मांडणी केली त्याला घोड्याला रोज पाणी लागते आणि नाल झिजतात हे ठाऊक होते. महत्त्वाचे म्हणजे शिलेदारांना पागेच्या धाकात ठेवले होते. ज्याचा घोडा त्याचे बळ. सरकारी घोडा जास्त असला म्हणजे कोणी शिरजोर होत नाही, हा त्यातला विचार सभासदाने लपवलेला नाही.

राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीला असलेल्या लष्करातील जुमलेदार-हवालदार-कारकुनांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आशयासाठी ते शाळेच्या पुस्तकांतून येते. पण पत्र मुळात आहे पागेच्या शिलकेविषयी. पावसाळ्याचे चार महिने समोर आहेत, दाणा-वैरण मोजून ठेवली आहे, आज मनमानी चारलीत तर पुढे मिळणार नाही, मग घोडी मरतील. ती तुम्हीच मारली असे होईल. उपाशी घोड्यासाठी कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी गवत, कोणी फाटे, आणि रयत म्हणेल याहून मोगल बरे. आगीची भीतीही आहे. चिलीम ओढताना, चुली पेटवताना सावध राहा, उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गवताची गंजी जळते. राजाने उंदराचा विचार करावा याचे कौतुक आपण करतो, पण त्याहून मोठी गोष्ट ही की रयतेशी नीट वागणे आणि वैरणीचा हिशेब नीट असणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे त्यांनी ओळखले होते. ज्या लष्कराचा चाऱ्याचा हिशेब चुकतो ते लष्कर चार दिवसांत दरोडेखोर होते.

ही घडी राजाराम महाराजांच्या काळात मोडली, आणि मोडणे भागही होते. राजा जिंजीला, खजिना रिकामा, मुलूख मोगलांच्या घोड्यांखाली. अशा वेळी सरदारांना सांगावे लागले, की तुम्हीच फौज उभी करा आणि जिंकाल त्या मुलुखातून तिचा खर्च काढा. आपद्धर्म म्हणून आलेली पद्धत शाहू महाराजांच्या काळात कायमची झाली. सरंजाम म्हणजे दुसरे काय? इतका मुलूख तुम्हाला तोडून दिला, त्यावर इतके स्वार ठेवा. घोड्याची जोखीम सरकारच्या अंगावरून सरदाराच्या अंगावर गेली. सरदाराने काय केले? त्याने ती शिलेदाराच्या अंगावर टाकली.

इथे आपल्याच भागातले आकडे बोलके आहेत. पहिल्या माधवरावांनी १७६४ च्या सुमारास पटवर्धन सरदारांना सुमारे पंचवीस लाखांचा सरंजाम दिला, तो आठ हजार स्वार बाळगण्याच्या अटीवर. भागाकार करून पाहा : स्वारामागे वर्षाला तीनशे रुपयांच्या थोडे वर. आता पंचावन्न वर्षे पुढे या. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये इंग्रजांनी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशी तह केला आणि साडेचारशे स्वारांची चाकरी मागितली. चिंतामणराव मानी गृहस्थ. इंग्रजांसाठी स्वार पाठवण्यापेक्षा त्यांनी सालाना एक लाख पस्तीस हजार उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे पत्करले. पुन्हा भागाकार केला तर बरोबर तीनशे रुपये. सांगलीकरांकडे असलेली जुनी हुबळी १८२० मध्ये इंग्रजांकडे गेली, ती या देण्याच्या बदल्यातच. एका गावाची मालकी न आलेल्या घोड्यांच्या हिशेबात बदलली, ही गोष्ट हुबळीच्या बाजारातून फिरताना कोणाला आठवत असेल? पटवर्धनांच्या इतर शाखांनीही पुढे रोख रक्कम ठरवून स्वारांची अट सोडवून घेतली.

वर्षाला तीनशे, म्हणजे महिन्याला पंचवीस रुपये. अर्धशतकात हा दर फारसा हलला नाही, आणि त्यात काय काय बसवायचे होते ते पाहा. घोड्याची चंदी-वैरण, नालबंदी, खोगीर-लगाम, एखादा पोऱ्या, स्वतःचे पोट, घरची बायकामुले. शिवाय पंचवीस रुपये शिलेदाराच्या हातात येत होते असे थोडेच! मधे सरदार, सरदाराचे कारकून, आणि वर्षानुवर्षांची थकबाकी. मोहिमेच्या आधी शिलेदाराला आगाऊ रक्कम देत तिला ‘नालबंदी’ म्हणत, पुढे खर्चापुरता ‘रोजमुरा’ मिळे, बाकीचा हिशेब मोहीम संपल्यावर. तो कधी होई, कधी होत नसे. १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर होता. पगार थकलेले शिपाई धरणे धरून बसत, याची वर्णने त्याच्या पत्रांतून आहेत. सरदार तरी कोठून देणार? त्याच्या मुलुखाचा वसूल आधीच सावकाराकडे गहाण. खुद्द थोरल्या बाजीरावांची पत्रे सावकारांच्या तगाद्याने भरलेली आहेत. दिल्लीवर धडक मारणाऱ्या पेशव्याला रात्री झोप येत नव्हती ती मोगलांमुळे नव्हे, देण्यामुळे.

यातून दोन रोग जडले. पहिला हजिरीचा. सरंजामाच्या अटीप्रमाणे शंभर स्वार ठेवायचे, ठेवायचे साठ, आणि गिनतीच्या दिवशी बाजारातली तट्टे आणून वर खोगीर टाकून उभी करायची. हे टाळण्यासाठी घोड्याचा रंग, खुणा, स्वाराचे नाव-गाव लिहून ठेवण्याची चाल होती, मोगल तर घोड्याला डागही देत. पण ज्या कारकुनाने खुणा तपासायच्या त्याचाही पगार थकलेलाच असायचा.

दुसरा रोग अधिक खोल होता, आणि त्याबद्दल आपल्या इतिहासकारांनी जरा कठोरपणे लिहिले आहे असे मला वाटते. शिलेदार ऐन लढाईत मागे राहतो, घोडा जपतो, असा आरोप इंग्रज ग्रंथकारांनी केला आणि आपणही तो मान खाली घालून ऐकला. पण शिलेदाराच्या वहीत डोकावून पाहा. त्याचा घोडा म्हणजे त्याची सगळी पुंजी. कदाचित बापाची जमीन गहाण टाकून, कदाचित सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन आणलेली. घोडा पडला तर भरपाई मिळेलच याची शाश्वती नाही. दरबारी खेपा घाला, कारकुनाला राजी करा, मग मिळाली तर निम्मी. घोडा नाही तर शिलेदारी नाही, म्हणजे उद्यापासून दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसायचे किंवा गावी जाऊन नांगर धरायचा. अशा माणसाने तोफांच्या तोंडी घोडा घालावा अशी अपेक्षा करणे म्हणजे भाड्याच्या गाडीवानाला आपली बैलजोडी विहिरीत ढकलायला सांगण्यासारखे आहे. त्याने घोडा जपला हे भित्रेपण नव्हते, तो हिशेब होता. हिशेब चुकीच्या माणसावर लादलेला होता इतकेच. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या आधी महिनाभर घोडी उपाशी मरत होती. प्रत्येक मेलेल्या घोड्याबरोबर कुठल्या तरी दूरच्या गावातले एक घर कर्जात बुडत होते, हे त्या लढाईच्या कोणत्याच नकाशात दाखवता येत नाही.

बंगालमध्ये ‘बर्गी’ म्हणून अजून लहान मुलांना भीती दाखवतात, ती नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांची. त्या लुटीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ज्या फौजेचा पगार शत्रूच्या मुलुखातून वसूल व्हायचा ठरलेला आहे, ती फौज दुसरे काय करणार होती?

आता या कथेतला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. मराठी राज्य बुडवणाऱ्या इंग्रजांनी मराठ्यांची शिलेदारी मात्र उचलली, आणि पुढची शंभर वर्षे चालवली. शब्दसुद्धा तोच ठेवला, फक्त इंग्रजी जिभेवर तो ‘सिल्लादार’ झाला. जेम्स स्किनर हा शिंद्यांच्या नोकरीत तयार झालेला माणूस. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटल्यावर तो कंपनीकडे गेला आणि पिवळ्या डगल्यांचा त्याचा रिसाला याच पद्धतीवर उभा राहिला. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावाकडून चौतीस लाखांचा मुलूख काढून घेतला गेला, पाच हजार घोडा आणि तीन हजार पायदळ बाळगण्यासाठी. त्यातून जी पूना ऑक्झिलरी हॉर्स निघाली तीच पुढची पूना हॉर्स. पेशव्यांच्या मुलुखाच्या वसुलावर उभी राहिलेली घोडी काही महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावी, पेशव्यांच्या फौजेसमोर होती. होळकरांवर मंदसोरच्या तहाने तीन हजार स्वारांचा बोजा पडला, गायकवाडांवरही तीन हजारांचा. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटच्या पगारासाठी चंदुलाल दिवाणाने पामर कंपनीकडून जे कर्ज काढले त्याची कहाणी तर स्वतंत्र लेखाची आहे. त्याच कंटिंजंटच्या देण्यापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेला. घोड्यांच्या चंदीपायी प्रांत जातात, हे आपल्या मुलखाने हुबळीपासून वऱ्हाडापर्यंत पाहिले.

इंग्रजांनी शिलेदारी घेतली ती स्वस्त म्हणून. सरकारने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, पुढे बंदूक आणि काडतुसे द्यायची. घोडा, खोगीर, कपडे, तंबू, चंदी, सगळे स्वाराचे. पण जुना रोग त्यांच्याकडेही आलाच. बंगालच्या रिसाल्यांत स्वाराला महिना वीस रुपये. त्यात भागत नसे. प्रत्येक रिसाल्याबरोबर एक सावकार असे आणि अख्खा रिसाला त्याच्या वहीत अडकलेला असे. सिंधच्या सरहद्दीवर जॉन जेकब नावाचा मोठा विक्षिप्त आणि मोठा कर्तबगार अधिकारी होता, ज्याच्या नावाचे जेकबाबाद शहर आज पाकिस्तानात आहे. त्याच्या सिंध हॉर्समध्ये स्वाराला तीस रुपये मिळत, आणि त्याने कर्ज काढण्यालाच बंदी घातली. वीस रुपयांत प्रामाणिक स्वार मिळत नाही, कर्जबाजारी मिळतो, हे तो सरकारला पुनःपुन्हा लिहीत राहिला.

१८५७ नंतर फौजेची फेररचना झाली आणि बंगाल व मुंबईकडचे जवळजवळ सारे देशी घोडदळ शिलेदारी झाले. मद्रासचे तेवढे सरकारी घोड्यावर राहिले. १९१४ मध्ये देशी घोडदळाच्या एकोणचाळीस पलटणी होत्या, त्यांतल्या मद्रासच्या तीन सोडून छत्तीस शिलेदारी. आणि या छत्तीस पलटणींत जी व्यवस्था हळूहळू तयार झाली होती ती मात्र मराठेशाहीत नव्हती. तिला आज आपण सहकारी संस्था म्हणू.

ती अशी. भरती होणाऱ्या तरुणाने पलटणीत काही शे रुपये भरायचे. ही त्याची ‘असामी’. असामी म्हणजे पलटणीतली एक जागा, एक भाग, एक शेअर म्हणा. सगळी रक्कम जवळ नसली तर थोडी भरायची, बाकीची पलटणीने उसनी द्यायची आणि दरमहा पगारातून कापून घ्यायची. त्याच्या बदल्यात त्याला घोडा, खोगीर, सरंजाम मिळे. नोकरी सोडताना असामीची रक्कम परत. पलटणीत सहाशेच्या आसपास स्वार धरले तर अशा असाम्यांचे भांडवल लाखांच्या घरात जाई. कमांडिंग ऑफिसर हा लढाईच्या दिवशी सेनानी आणि बाकीचे दिवस या मंडळीचा मॅनेजर. घोडे खरेदी करणे, कापड घाऊक घेऊन शिंप्यांकडून शिवून घेणे, खोगिरांचा कारखाना चालवणे, हे त्याचे काम. नफा कोणाच्या खिशात जाण्याची सोय नव्हती. जे वाचेल ते फंडात.

या फंडांतला सर्वांत नामी म्हणजे ‘चंदा’. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम चंद्यात जाई, आणि कोणाचा घोडा त्याच्या चुकीवाचून मेला किंवा निकामी झाला तर चंद्यातून नवा मिळे. चुकी असेल तर भुर्दंड त्याचा त्याला. सहाशे माणसांनी मिळून एका माणसाच्या मेलेल्या घोड्याचा भार उचलायचा. नुनीझच्या त्या शेपटीची गोष्ट आठवा : तिथे राजाने जोखीम घेतली होती, पेशवाईत ती एकट्या शिलेदारावर पडली, आणि आता ती सगळ्यांत वाटली गेली. माणूस तोच, घोडा तोच, पगार काही राजेशाही नव्हे. पण आता घोडा पडला तरी घर पडत नव्हते. हाच शिलेदार मग घोडा जपत मागे राहिला अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. तेव्हा दोष रक्तात होता की वहीत, ते वाचकांनीच ठरवावे.

महिन्याचा हिशेब काटेकोर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वाराला एकतीस रुपये मिळत, त्याच वेळी पायदळातल्या शिपायाला आधी सात आणि १८९५ पासून नऊ. एकतीस ऐकून पायदळवाले हेवा करीत. पण चंदी, वैरण, चंदा, कपड्यांची कपात, असामीचा हप्ता काढला की शिल्लक जवळपास सारखीच. दोन स्वारांत मिळून एक तट्टू किंवा खेचर आणि एक घासवाला असे. घासवाला रानातून गवत कापून आणी, म्हणजे वैरणीचा खर्च वाचे. अर्धे तट्टू आणि अर्धा घासवाला ही मालकी कागदावर विनोदी दिसते, पण ती चालत होती. आर्टिलरीसाठी सरकार ऑस्ट्रेलियाहून मोठे ‘वेलर’ घोडे आणी, ते शिलेदारी पलटणींना क्वचितच परवडत. त्यांची मदार देशी घोड्यांवर, आणि मुंबईत उतरणाऱ्या अरबांवर. पंजाबातल्या काही पलटणींनी तर कालव्याखालची जमीन मिळवून स्वतःची घोड्यांची पैदास सुरू केली. प्रोबिन्स हॉर्सचे प्रोबिनाबाद हे त्यांतले नावाजलेले.

कोणतीही सहकारी संस्था घ्या, तिच्यात लबाडीला वाव असतोच. असामी ही मालमत्ता झाली की तिला भाव येतो. पहिल्या काळात एकेका देशी अधिकाऱ्याच्या पाच-दहा असाम्या असत, त्यावर तो बारगीर बसवी आणि मधली कमाई खाई. हैदराबादच्या रिसाल्यांत तर असामी वारशाने चाले. म्हातारे, अज्ञान मुले, विधवा यांच्या नावावर असामी आणि घोड्यावर भाडोत्री बारगीर. शिस्तीच्या भोक्त्या अधिकाऱ्यांना हा भ्रष्टाचार वाटे, आणि लष्करी दृष्टीने तो होताही. पण दुसरी बाजू अशी, की लढाईत पडलेल्या स्वाराच्या बायकोला ज्या काळी दुसरा आधार नव्हता त्या काळी नवऱ्याची असामी हे तिचे पेन्शन होते. पुढे ‘एक माणूस, एक असामी’ असा नियम बहुतेक ठिकाणी आला, पलटणी सुधारल्या, आणि कुठल्या तरी वाड्यातल्या बाईचे महिन्याचे पैसे बंद झाले.

ही सगळी घडी शांततेच्या काळासाठी होती. सरहद्दीवरच्या छोट्या मोहिमांत चंदा पुरे. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स यांसारख्या पलटणी बोटीत चढून फ्रान्सला गेल्या. मार्सेच्या धक्क्यावर उतरलेल्या स्वाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या पैशांचा, खोगीर स्वतःचे, पलटणी-पलटणींची खोगिरे वेगळी, लगाम वेगळे. एकाचे मोडले तर दुसऱ्याचे बसेना. घासवाला फ्रान्समध्ये कोणाच्या रानातले गवत कापणार? आणि तोफगोळ्याने एका दिवसात पन्नास घोडे मेले तर त्यांची किंमत महिन्याच्या चंद्यातून कशी भरून यायची? दर वर्षी थोडे घोडे मरतील या अंदाजावर विमा चालतो; सगळेच मरू लागले की विमा संपतो. नव्या रंगरुटाला असामीचे पैसे आणायला सांगावे तर युद्धात माणसेच मिळेनात. अखेर घोडे, सामान, दाणा, सगळे सरकारलाच पुरवावे लागले. १४ जुलै १९१६ ला सोमच्या रणात हाय वूडजवळ डेक्कन हॉर्सने भाले सरसावून चढाई केली, तेव्हा त्या घोड्यांमागे चंद्याची वही नव्हती, लंडन-सिमल्याचा खजिना होता.

युद्ध संपल्यावर वह्या उघडल्या गेल्या. कोणत्या पलटणीच्या फंडात किती, सरकारने किती घोडे ताब्यात घेतले, मेलेल्यांच्या असाम्या कोणाला द्यायच्या, याची निकाली हिशेबणी झाली आणि शिलेदारी बंद करण्यात आली. १९२१ च्या सुमारास एकोणचाळीस पलटणींच्या एकवीस केल्या. पूना हॉर्स आणि तेहतीसावी लाइट कॅव्हलरी एक झाल्या, हैदराबादकडच्या दोन पलटणी मिळून नवी डेक्कन हॉर्स झाली. जुन्या स्वारांना असामीची रक्कम परत मिळाली. गावी परतलेल्या कित्येकांच्या हाती एकरकमी आलेला तो बहुधा सर्वांत मोठा पैसा असावा.

स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळे विलीन झाली, तेव्हा ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर वगैरे ठिकाणचे उरलेले स्वार एकत्र करून १ ऑक्टोबर १९५३ रोजी ग्वाल्हेरला एक नवी घोडदळ पलटण उभारण्यात आली. तिलाच पुढच्या जानेवारीत एकसष्टावी कॅव्हलरी हे नाव मिळाले. तिच्या घोड्यांची चंदी सरकारी अंदाजपत्रकातून येते. स्वार रोज पहाटे खरारा करतो, घोड्याला नावाने हाक मारतो, पोलोच्या मैदानावर त्याच्यावर जीव टाकतो. पागेच्या वहीत मात्र तो शिवकालीन भाषेत बारगीरच आहे.